मालगाडी आणि सात नियम

अकरा वर्षांच्या वार्ताहरकीत माझ्या एकाही बातमीचा खुलासा छापावा लागला नव्हता. कारखान्याच्या निवडणुकीत पडलेला उमेदवार मी कधी निवडून आणला नाही, हयात सरपंचाला श्रद्धांजली वाहिली नाही, आणि भीमेच्या पुराची पातळी फुटांऐवजी मीटरमध्ये दिली नाही. दौंड तालुक्यातल्या इतर वार्ताहरांच्या हातून यातली एकेक गोष्ट घडलेली आहे. नावं घेत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या हकिगतीत माझी जी शोभा होणार आहे ती वाचताना वाचकांनी मागचं कामही लक्षात घ्यावं.

सुरुवात एका रिकाम्या जागेपासून झाली. १७ नोव्हेंबर २०००, शुक्रवार. ग्रामीण पानावर पाऊण कॉलम मोकळा राहिला, कारण कासुर्डीला ज्या आमरण उपोषणाची बातमी मी देणार होतो ते उपोषणकर्ते दुपारी दोन वाजता जेवले. पुण्याहून उपसंपादकाचा फोन आला, "अडीचशे शब्द द्या. कशावरही द्या. अर्ध्या तासात." माझ्या पिशवीत दाताच्या डॉक्टरकडून नजरचुकीनं आलेलं, मत्स्यालयाबद्दलचं एक माहितीपत्रक होतं. त्याच्या आधारे मी 'घरचे मत्स्यालय निरोगी राखण्याचे सात नियम' लिहिले आणि एसटीडी बूथवरून फॅक्स केले. तोवर मी मासा पाळला नव्हता, मासा पाळणाऱ्याला भेटलोही नव्हतो. पण नियम असे ठणठणीत उतरले की वाचणाऱ्याला वाटावं, या माणसानं हयात पाण्यात काढली आहे. प्रत्येक नियमाच्या शेवटी 'असे तज्ज्ञांचे मत आहे' हे वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी मी तो मजकूर विसरलो.

शेजारचे इनुसचाचा विसरले नाहीत.

इनुसचाचा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. चौतीस वर्षं शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून काढल्यामुळे त्यांना समोर काहीतरी हळूहळू सरकताना बघायची सवय लागलेली. निवृत्तीच्या तीन वर्षं आधी त्यांनी अडीच फुटी काचेची टाकी आणली आणि त्यात पाच गोल्डफिश सोडले. सगळ्यात चपळ ती मेल, तिच्यामागून जाणारी पॅसेंजर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उगाच फेऱ्या मारणारी शटल, आणि डोळे बाहेर आलेला काळा, जो इतरांना मागून ढोसायचा, तो बँकर. घाटात गाडीला मागून जोर देणाऱ्या इंजिनाचं हे नाव दौंडात लहान पोरालाही माहीत असतं. पाचवी मालगाडी. ती जाड होती, संथ होती, आणि वाटेत कारण नसताना थांबायची. ती बानूचाचींची लाडकी. चाची भाजी निवडायला टाकीसमोरच बसायच्या आणि मालगाडी काचेला तोंड लावून समोर थांबायची. त्या दोघींचं काय बोलणं चालायचं ते चाचांनाही ठाऊक नव्हतं.

माझा मजकूर चाचांनी कापून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टाकीच्या बाजूला चिकटवला होता. मला हे कळलं ते फेब्रुवारीत, दोघं हजला निघाले तेव्हा.

हजला जाण्याआधी माणसं घरोघर जाऊन बोलल्या-चालल्याची माफी मागतात. चाचा-चाचीही सगळी आळी फिरले. आमच्या घरी आल्यावर चाचा म्हणाले, "पेपरवाले, कहा-सुना माफ करा. काही चुकलं असेल तर मनात ठेवू नका." मी लगेच माफ केलं. माझी एकच तक्रार होती, ती त्यांच्या रेडिओबद्दल, आणि ती मी त्या क्षणी मागं घेतली.

मग चाचांनी मूळ विषय काढला. "टाकी तुमच्याकडं ठेवून जातो. चाळीस दिवस. अमानत समजा."

"चाचा, मला यातलं..."

"तुम्हाला यातलं न्हाई कळत तर कुणाला कळतं?" त्यांनी टाकीवरून सोडवलेलं कात्रण खिशातून काढलं. "सात नियम. तीन महिने मी ह्याच्यावर टाकी चालवतोय. एक मासा आजारी न्हाई."

मी कात्रण पाहिलं. छापलेल्या मजकुराकडे त्याच्या लेखकानं पाहिलं की त्याला तो खरा वाटू लागतो. मी मान डोलावली.

बानूचाची जाताजाता दारात थांबल्या. "बाकीच्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. माझी मालगाडी तेवढी जपा."

१७ फेब्रुवारीला सकाळी स्टेशनवर हारतुरे झाले, गाडी सुटली, आणि दुपारी टाकी, पंप, डबाभर खाद्य आणि कात्रण आमच्या बाहेरच्या खोलीत आलं. माझ्या बायकोनं, सवितानं, टाकी कुठं ठेवायची हे सोडून दुसरं काहीही विचारलं नाही. ती फारसं विचारत नाही. नंतर आठवण करून देते.

पहिले अठरा दिवस निर्वेध गेले. त्याचं श्रेय मी स्वतःकडे घेतलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नियम वाचून दाखवले. नळाचं पाणी चोवीस तास उघडं ठेवूनच वापरावं. आठवड्याला चौथा हिस्साच बदलावा, सगळं कधीही बदलू नये. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. या शेवटच्या नियमावरून आमच्या घरमालकीण सोजराबाई माझ्यावर नाराज झाल्या. त्या मागच्या अंगणात राहतात, एक गाय बाळगतात, आणि भाडेकरूच्या घरात त्यांना दार वाजवावं लागत नाही.

"आवो पेपरवाले, दोन मिंटांत संपंल एवढंच खायाला घालायचं? मान्साचं प्वाट भरतं व्हय दोन मिंटांत?"

"तज्ज्ञांचं मत आहे, मावशी."

"त्यो तज्ज्ञ घरी किती भाकरी खातो, इचारलं का त्याला?"

विचारलं नव्हतं. मी बातम्या गोळा करायला बाहेर पडलो की सोजराबाई येऊन टाकीत बाजरीच्या भाकरीचा चुरा टाकायच्या. सविताला त्या सांगायच्या, "त्याला सांगू नगंस. पेपरात देईल." आठवडा असा गेला. पाणी आधी पातळ ताकासारखं झालं, मग घट्ट ताकासारखं. मासे दिसेनासे झाले. मधूनच बँकरचा डोळा काचेजवळ यायचा आणि माझ्याकडे बघून परत जायचा.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसून थोडं थोडं पाणी बदलतो. हे मला नंतर कळलं. मी वार्ताहर असल्यामुळे अधिकृत सूत्रांकडे गेलो. मत्स्यव्यवसायाशी संबंधित एक सरकारी कार्यालय आहे. बातमीत मी त्याचं नाव घेत नाही म्हणून इथंही घेत नाही. तिथल्या साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एक अर्ज पुढं केला.

"तळ्याचं क्षेत्रफळ?"

"तळं नाही, टाकी आहे. अडीच फूट बाय एक फूट."

"हेक्टरमध्ये सांगा."

मी हिशेब केला. शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य शून्य दोन तीन. साहेबांनी तो आकडा रकान्यात बसवायला दोन ओळी घेतल्या. "जात? कटला, रोहू, मृगळ?"

"गोल्डफिश."

"यादीत नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "असं करा, ते मासे नदीत सोडून द्या. आम्ही तुम्हाला कटल्याचं बीज देतो."

"साहेब, बाहेरचे मासे नदीत सोडू नयेत. ते जगले तर नदीतल्या माशांचं खातात, मेले तर रोग सोडतात. नियम क्रमांक सात."

"कुठल्या शासननिर्णयातला?"

पेपरातला, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. अर्ज मात्र दाखल झाला. पुढे ऑगस्टमध्ये त्याचं उत्तर आलं, की सदर तळ्याचा सातबारा उतारा जोडलेला नसल्यानं विचार करता येत नाही.

घरी आलो तर इम्रान टाकीत चाचणीची पट्टी बुडवून बसला होता. इम्रान म्हणजे पलीकडच्या घरातला, कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ईटीपीवर ऑपरेटर. कंपनीचं सांडपाणी बाहेर सोडण्याआधी जिथं स्वच्छ करतात त्या प्लँटला ईटीपी म्हणतात, आणि इम्रानला जगातली प्रत्येक गोष्ट त्या प्लँटसारखी दिसते. त्याच्या बहिणीच्या लग्नात पंगतीची रांगही त्यानं इनलेट-आउटलेट ठरवून लावली होती.

"काका, ही टाकी म्हंजी ईटीपीच हाय," तो म्हणाला. "मासा घाण करतो. पाण्यातले बॅक्टेरिया ती घाण खातात. तुमचा लोड वाढलाय आन् कल्चर कमी पडतंय."

"लोड कशानं वाढला? नियम तर पाळतोय."

सोजराबाई दारात उभ्या होत्या. त्यांना अंगणात काहीतरी काम आठवलं.

"मग काय करायचं?"

"आम्ही प्लँट चालू करताना शेण टाकतो. शेणात बॅक्टेरियाच बॅक्टेरिया. पंधरा दिवसांत टँक लाइनवर येतो."

इथं मी थांबायला हवं होतं. नियम क्रमांक सहा माझ्याच हातचा होता: 'टाकीत साबण, औषध अथवा जाणकारांनी सुचवलेली कोणतीही वस्तू परस्पर घालू नये.' पण माझी समजूत अशी, की तो नियम वाचकांसाठी आहे. शिवाय इम्रान शिकलेला, हातात पट्टी, पट्टीला रंग. आणि शेण म्हटल्यावर सोजराबाई अंगणातून परत आल्या. "शेणानं कुनाचं वाईट झालंय? आमच्या गायीचं घ्या. ताजं हाय." आमच्या आळीत दोन सल्लागारांचं एकमत मी अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, आणि हुरळून गेलो.

प्रमाणाच्या बाबतीत मात्र मी ढिलाई केली नाही. इम्रानच्या प्लँटवर साठ हजार लिटरला पाचशे किलो. आमची टाकी सत्तर लिटरची. म्हणजे पाचशे त्र्याऐंशी ग्रॅम. तेवढं मी सविताच्या स्वयंपाकघरातल्या तराजूवर मोजलं, एक ग्रॅम कमी नाही की जास्त नाही. त्या तराजूवरून सविता माझ्याशी बोलेनाशी झाली, पण तो वेगळा विषय आहे.

हे १४ मार्चला सकाळी नऊ वाजता. साडेदहाला पाचही मासे पाण्याच्या वर तोंडं काढून हवा पित होते. इम्रान ड्युटीवर गेला होता. त्यातच वीज गेली आणि पंप बंद पडला. मी तांब्याचं घंगाळ घेऊन धावलो. सवितानं अबोला मोडून आधी दोनच शब्द उच्चारले. "तांब्यात नको." कारण विचारण्याची ती वेळ नव्हती; पुढे समजलं की तिनं चाचींकडून हे आधीच ऐकून ठेवलं होतं, तांबं माशाला बाधतं. ती पुढे म्हणाली, "मावशींच्या हौदात टाका. पाणी तीन दिवसांचं आहे."

दौंडला नळ तेव्हा तिसऱ्या दिवशी यायचा, त्यामुळे सोजराबाईंच्या सिमेंटच्या हौदात पाणी कायम मुरलेलं असायचं, कडेला हिरवं शेवाळ. गाळण्यानं एकेक करून मासे तिथं नेले. मेल, पॅसेंजर, शटल, बँकर तळाशी गेले. मालगाडी कडेला थांबली. तिची ती सवयच होती, म्हणून मी काळजी केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथंच होती, पण आडवी.

मी तिला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं. सोजराबाई शेजारी उभ्या होत्या. पदर तोंडाशी धरून त्यांनी सगळा भाकरीचा कबुलीजबाब दिला. संध्याकाळी इम्रान आला, त्याला काही सांगावं लागलं नाही. तो हौदाकडे बघत म्हणाला, "काका, प्लँटमध्ये मासे नसतात. ते ध्यानात आलं न्हाई." मी कुणालाच बोल लावला नाही. पाचशे त्र्याऐंशी ग्रॅम मी मोजले होते.

त्यानंतरचा प्रश्न असा होता, की चौदा दिवसांनी बानूचाची येणार आणि दारातून पहिल्यांदा मालगाडी विचारणार.

"नवी आना," सोजराबाई म्हणाल्या. "मासा माशावानीच दिसतो. म्हसरं हायेत का ती, शिंगावरनं वळखाया?"

"सेम मॉडेल मिळंल," इम्रान म्हणाला.

सविता भाजी निवडत होती, आणि का कोण जाणे, रिकाम्या टाकीसमोर बसून.

मला हे पटलं असं नाही, पण मी सुटीचा अर्ज दिला. दौंडात मासे विकणारा एकच, शुक्रवारी सायकलच्या हँडलला पाण्याच्या पिशव्या लटकवून येणारा. आणि तो चाचांच्या ओळखीचा. पुण्याला गेलो तर कचेरीतलं कुणीतरी भेटणार. म्हणून १६ तारखेला मी चौफुल्याला गाडी बदलून, न्हावऱ्यामार्गे शिरूरला उतरलो, जिथं मला कुणी ओळखत नाही. बाजारपेठेत एक दुकान होतं, पुढे घड्याळदुरुस्ती आणि मागे मासे. मालक राहिल नावाचा तिशीतला माणूस. डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडत होता.

"जाड गोल्डफिश हवाय. केशरी. संथ."

"संथ?" त्यानं भिंग काढलं. "टाकी किती फुटी?"

"अडीच."

"आधीचे किती?"

"चार."

"पाचवा कशाला?"

"पाचवा होता. गेला."

"कशानं?"

मी खोकलो. माझ्या नोकरीत मी हजारो लोकांना 'कशानं' विचारलं आहे. त्यांना कसं वाटत असेल याचा विचार केला नव्हता. शेवटी सांगितलं. शेणाचं वजन सांगायची गरज नव्हती, पण तेही सांगितलं.

राहिलनं पाठीमागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं लॅमिनेशन केलेलं, कोपऱ्यांना चार खिळे मारलेलं माझं कात्रण होतं.

"नियम सहा वाचा, मामा. मोठ्यानं."

मी मोठ्यानं वाचला. घड्याळाचा सेल बदलायला आलेल्या दोन बायका ऐकत होत्या.

"ह्या माणसाला मी कधी बघितलं न्हाई," राहिल कात्रणाबद्दल बोलत होता, "पण माझा उस्तादच म्हणा. पयला मी पण गिऱ्हाइकाला कायपण विकायचो. मासे मरायचे, गिऱ्हाइक तुटायचं. हे वाचलं आन् मंग एकेक गोष्ट धरली."

"ते मीच लिहिलंय," मी म्हणालो.

त्यानं मला चपलेपासून केसांपर्यंत पाहिलं. "तुम्ही?"

मी ओळखपत्र काढलं. त्यानं ते भिंगातून वाचलं आणि परत दिलं. "हे पेपरचं हाय. पेपरात काम करत असाल. पण मामा, असं लिवणारा माणूस टाकीत शेण घालंल का? तुम्हीच सांगा."

बायकांपैकी एकीनं मान हलवली. प्रश्न बिनतोड होता. मी ओळखपत्र खिशात ठेवलं.

"बरं, मासा तरी द्या."

"देतो. पण नियम पाच काय म्हणतो? नवा मासा पंधरा दिवस वेगळ्या भांड्यात. त्याच्या अंगावर काय आलं असंल तर ते जुन्या चौघांना लागू नये म्हणून. आजचा नेलेला मासा एकतीस तारखेला टाकीत. चालतंय?"

चाचा २९ तारखेला येणार होते. मी नाही म्हणालो.

"मंग न्हाई देत. ते चार हायेत ते तरी जगू द्या."

मला माझ्याच नियमानं, माझ्याच हातच्या वाक्यानं दुकानाबाहेर काढलं. पण राहिल माणूस चांगला. हाक मारून त्यानं परत बसवलं, चहा मागवला, आणि आपल्या टाकीतला स्पंजचा एक मळकट तुकडा पिळून न काढता पिशवीत घालून दिला. "तुमचा तो ईटीपीवाला अगदीच चुकला न्हाई. घाण खाणारे जंतू लागतात हे बरोबर. फक्त ते शेणात न्हाईत, हितं हायेत. टाकी नुसत्या पाण्यानं धुवा, साबण न्हाई. अर्धं पाणी हौदाचं भरा, हा स्पंज पंपाला लावा, आठ दिवस थांबा. मासे तवर हौदात. खायाला चिमूटभर, तेबी दिसाआड. आन् मामा, काय सुचलं तर करू नका."

परतीच्या एसटीत कंडक्टरनं तो स्पंज हुंगून मला मागच्या सीटवर पाठवलं. मी तक्रार केली नाही.

राहिलनं सांगितलं ते मी अक्षरशः केलं, म्हणजे जवळजवळ काहीच केलं नाही. याहून अवघड काम मी आजवर केलेलं नाही. सोजराबाईंनी स्वतः हौदावर राखण केली आणि तीन पाहुण्यांना, दोन कोंबड्यांना आणि एकदा मला हुसकावलं. २५ तारखेला चौघं टाकीत परतले. पाणी असं, की मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यावं. मेल धावत होती, शटल फेऱ्या मारत होती. बँकर मात्र मालगाडी थांबायची त्या कोपऱ्यात जाऊन रिकाम्या पाण्याला ढोसायचा. मी तिकडं बघणं सोडून दिलं.

२९ मार्चला गुरुवारी सकाळी दौंड स्टेशनवर निम्मी आळी आली होती. हार झाले, मिठ्या झाल्या, घरी गर्दी झाली. चाचांनी प्रत्येकाच्या हातावर खजूर आणि छोट्या वाटीत मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी दिलं. मी टाकी हातगाडीवरून आणून त्यांच्या घरात तिच्या जुन्या जागी लावली होती आणि दाराशी माझी पाळी यायची वाट बघत होतो. बातमीची पहिली ओळ मी लिहिताना अडखळत नाही; ही ओळ सकाळपासून जुळत नव्हती.

गर्दी ओसरल्यावर चाचा टाकीसमोर बसले. एक, दोन, तीन, चार मोजलं. पुन्हा मोजलं.

"चाचा, मालगाडी गेली," मी म्हणालो. "१५ तारखेला सकाळी. माझ्या चुकीमुळं. मी टाकीत शेण घातलं. पाचशे..."

"हळू बोला," चाचा म्हणाले. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मला कोपऱ्यात ओढलं. "शेण? जाऊ द्या, ते मागनं ऐकतो. आधी हे ऐका. ती तिसरी होती."

"काय तिसरी?"

"मालगाडी. पहिली सहा महिन्यांत गेली, माझ्या हातनं. खाणं जास्त झालं. चाची माहेरी गेलेली. मी सायकलवाल्याकडनं दुसरी आणली. ती पण गेली, मग तिसरी आणली. चाचीला कळू दिलं न्हाई. आता बघा पेपरवाले, अकराची शटल काल गेली. आज अकराला शटलच आली. डबे तेच असतात का? पण गाडी तीच. मी मनाची अशी समजूत घातली. पण सगळ्या गावाची माफी मागून गेलो, आन् ही एक गोष्ट घरात सांगायचं धाडस झालं न्हाई. तिकडं जाऊन पण मनात तेच."

"तिसरी न्हाई. चौथी."

बानूचाची स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे.

"एक तुम्ही मनमाडला ड्युटीवर होता तवा गेली," त्या म्हणाल्या. "मी पाण्यात हळद घातली होती, जखमेवर चांगली म्हणून. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून सायकलवाल्याला बोलावलं. त्यानं अगदी तशीच आणून दिली."

चाचांनी ट्रे त्यांच्या हातातून घेतला, पण ठेवायचा कुठं हे त्यांना सुचेना. सायकलवाला गेली कित्येक वर्षं दर शुक्रवारी या दोघांनाही सलाम करून जात होता. एवढी मोठी बातमी इतका काळ पोटात ठेवणारा माणूस वार्ताहर झाला नाही हे आमच्या धंद्याचं नशीब.

"मग माझ्या दोन मला ठाऊक होत्या, तुझी एक तुला," चाचा सावकाश म्हणाले.

"तुमच्या दोन मला पण ठाऊक होत्या. पहिलीच्या शेपटीवर पांढरा ठिपका होता. रोज समोर बसते मी, डोळे न्हाईत का मला?" मग त्या माझ्याकडे वळल्या. मी उभा राहिलो, तसा उभाच होतो. "ही चौथी सगळ्यात गरीब होती. तिचं वाईट वाटतंय. पण तुम्ही आलात, सांगितलंत. ह्या घरात आजवर कुणी सांगितलं न्हाई."

त्यांनी टाकीवरचं कात्रण काढून माझ्यापुढं ठेवलं आणि चाचांच्या खिशातलं पेन दिलं. "खाली जागा हाय. लिहा. मासा मेला तर त्याच दिवशी घरात सांगावं."

मी लिहिलं. पुढे 'असे तज्ज्ञांचे मत आहे' लिहायची सवयीनं सुरुवात झाली होती. चाचींनी पेन काढून घेतलं.

पाचवी मालगाडी पुढच्या शुक्रवारी, सगळ्यांच्या देखत सायकलवरून आली आणि पंधरा दिवस सोजराबाईंच्या हौदात राहिली. त्या काळात सोजराबाईंनी तिला भाकरी घातली नाही असं त्या सांगतात.

माझ्यापुरती एक गोष्ट उरली होती. मी उपसंपादकाला फॅक्स केला. अकरा वर्षांतला माझा पहिला खुलासा ७ एप्रिलला छापून आला: 'या पानावर दि. १८ नोव्हेंबर रोजी प्रसिद्ध झालेल्या मत्स्यालयविषयक मजकुरात सात नियम असा उल्लेख आहे. तो आठ नियम असा वाचावा.' आठवा नियम मात्र मंगल कार्यालयाची जाहिरात आल्यामुळे जागेअभावी गाळला गेला.

चार दिवसांनी कचेरीमार्फत शिरूरचं एक पोस्टकार्ड माझ्या हाती पडलं. पत्ता होता, 'मत्स्यालयाचे तज्ज्ञ, ग्रामीण पान.' मागच्या बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'उस्ताद, आठवा नियम कळवावा, दुकानात लावायचा आहे. आणि दौंडला एक पेपरवाले मामा आहेत, टाकीत शेण घालतात. त्यांनाही एक प्रत पाठवावी, त्यांना फार गरज आहे.'